आंबिलीत पुदिना

६ ऑक्टोबर, सोमवार

ही डायरी जानेवारीत बियाण्याच्या दुकानातून भेट मिळाली. पहिल्या पानावर मी ‘शंकरप्पा, लातूर’ एवढं लिहिलं आणि थकलो. आज काढली, कारण घरात बोलायला कोणी नाही. म्हणजे शिवकांता आहे, पण ती बोलत नाही.

गणपतीत तिला ताप आला. ताप गेला तो जाताना वास घेऊन गेला. उदबत्ती नाकाशी धरली तरी तिला नुसती काडी. वास नाही म्हणून चव नाही, चव नाही म्हणून स्वयंपाकात जीव नाही. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, होतं असं, हळूहळू येतो परत, कोणाकोणाचा येतही नाही. हे शेवटचं त्यांनी पोटात ठेवलं असतं तर काय बिघडत होतं?

आणि नाक तरी कोणाचं जावं? गल्लीतल्या बायका तूप कढवायला बसल्या की खिडकीतून हिला हाक मारायच्या. ही आपल्या ओट्यावर तांदूळ निवडता निवडता सांगायची, “उतरव गं आता.” तूप शेजारच्या घरात आणि निकाल आमच्या ओट्यावर.

आज वरणाच्या फोडणीत लसूण जळून कोळसा झाला. ती पाठमोरी पीठ मळत होती, तिला पत्ता नाही. मी निमूट जेवलो. तिनं माझ्या ताटाच्या कडेला सारलेला काळा लसूण पाहिला, हात धुतला आणि म्हणाली, “मी मंजूकडं जाते नांदेडला. इथं राहून काय करू? तुम्ही डबा लावा.”

मंजुश्री आमची एकुलती मुलगी, तिकडे कॉलेजात शिकवते. “लावतो की, मला डब्याचं काय,” असं मी बोलून गेलो. तेव्हापासून या डायरीशी बसलो आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मंजूचा फोन. तिनं तिकडच्या डॉक्टरांना विचारलं. नाकाची शिकवणी घ्यायची म्हणे. रोज सकाळ-संध्याकाळ एखादा ओळखीचा उग्र वास हुंगायचा, डोळे मिटायचे आणि तो वास कसा होता ते आठवत बसायचं. नाक हळूहळू पुन्हा शिकतं. लवंग हुंगवून बघितली. शिवकांताच्या डोळ्यांतून पाणी आलं, वास काही आला नाही.

मंजूनं विचारलं, “अव्वा, तुला सगळ्यात जुना कोणता वास आठवतो?”

शिवकांतानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “पुदिना.”

तिचं माहेर देगलूरचं. मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर पुदिन्याचं रान माजलेलं असायचं. तिची आई शेंगदाणे आणि चिंच घालून त्याची पच्चडी वाटायची. पच्चडी म्हणजे चटणीच, पण देगलूरहून तेलंगण हाकेवर, तिथं चटणीही तेलुगूत वाटतात. हे सगळं मला आज पहिल्यांदा कळलं. आडतीवर बसून मी साऱ्या जिल्ह्याची तूर मुठीत घेऊन हुंगली, बायकोच्या माहेरच्या मोरीची चौकशी कधी केली नाही.

ठरलं ते असं. येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षाच्या अवसेपर्यंत, वाट बघायची. तोवर वास आला तर बरं, नाही तर ती नांदेडला जाणार, आणि हिवाळ्यापुरती नाही, राहायलाच. हे तिनंच ठरवलं. येळवशीला सगळं लातूर गाव रिकामं करून शेतात जेवायला जातं, आणि आमच्या शेतावर निम्मी माणसं हिच्या आंबिलीसाठी येतात. ज्वारीचं पीठ आणि ताक मडक्यात आंबवायचं, एवढीच ती आंबील. पण कधी झाली हे शिवकांता जिभेनं बघत नाही. झाकण उचलते, वास घेते आणि सांगते.

“नाकच न्हाई तर आंबील कशी करू?” ती म्हणाली. “आन् आंबील न्हाई तर मी कशाला?”

मी म्हणालो, “पुदिना मी लावतो.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमान चालवतो म्हणालो.

११ ऑक्टोबर, शनिवार

गंजगोलाईच्या बाजारात जाऊन पुदिन्याची जुडी आणली. भाजीवालीनं विचारलं, “बिर्यानीला का, आप्पा?” माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे बघून तरी विचारायला नको होतं.

देठांची खालची पानं काढून पेल्यातल्या पाण्यात उभे केले. उरलेल्या पानांतलं एक चुरगाळून शिवकांताच्या नाकाशी धरलं. ती म्हणाली, “ओलं लागतंय.” बाकी काही नाही. शिकवणीचा पहिला दिवस असाच असायचा.

१८ ऑक्टोबर, शनिवार

देठांना मुळ्या फुटल्या. पांढऱ्या, बारीक. मी दिवसातून कितीदा पेला उजेडात धरून बघतो हे लिहीत नाही. शिवकांता म्हणाली, “मंजू झाली तवा इतकं न्हाई बघितलं तुम्ही.” तक्रार खरी आहे.

कुंडीत लावला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पुदिना मेला. चूक माझी.

आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो. पिण्याचं पाणी झाडाला घालू देईल तर ती शिवकांता कसली. म्हणून मी लिंगपूजेचं पाणी घालत होतो. ते नाही तरी पायदळी येईल असं ओतायचं नसतं, कुठल्या तरी झाडालाच घालायचं असतं. शिवाय मनात होतं की देवाच्या पाण्यावर वाढलेला पुदिना असेल तर गुण लवकर येईल. तर रोज पूजा झाली की तबकातलं सगळं कुंडीत. अभिषेकाचं दूध, विभूती, फुलांच्या पाकळ्या. दिवाळीत तर दूध सढळ हातानं झालं.

आज माती उकरली. वर विभूतीचा पापुद्रा, खाली दुधाचं दही, त्यात मुंग्यांचं गाव. देठ काळे पडलेले.

शिवकांता मागच्या पायरीवर येऊन उभी राहिली. “वास येतो का कसला?” तिनं विचारलं.

“येतो.”

“कसा?”

मी नीट हुंगून सांगितलं, “पावसात भिजलेल्या पोत्यात कोणीतरी ताक सांडल्यासारखा.”

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, पायरीवर बसून हसली. “शंकराला बी इतकं दूध झेपंना, त्या पुदिन्याला कसं झेपावं?” ताप आल्यापासून ती हसली नव्हती. पुदिना मेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुसरी जुडी लावली. साधं पाणी, तेही भाज्या धुतलेलं. पूजेचं पाणी आता जास्वंदीला. जास्वंद काय ते सोसेल.

जगला आहे, पण कसला तो पुदिना. शिवकांतानं पान हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं. “आमच्या देगलूरचा असा नव्हता. पान जाड, देठ जांभळा. नुसता पाय लागला तरी घरात कळायचं.” मग म्हणाली, “जाऊ द्या. मला आता कशात फरक कळतो?”

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मला सोसवत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

देगलूरला जाऊन आलो. शिवकांताला बाजार समितीत काम आहे असं सांगून निघालो आणि उदगीरला गाडी बदलली.

मेहुण्याच्या, चनबसप्पाच्या घरी मागच्या दारी आता फरशी. मोरी नाही, पुदिना नाही. तो म्हणाला, “भावजी, फोन केला असता तर जुडी पाठवली असती.” मी म्हणालो, जुडी नको, हाच पुदिना पाहिजे. शेवटी त्याच्या बायकोला आठवलं की पुदिना भिंतीखालून पलीकडे गेला होता. पलीकडच्या तेलुगू बाईंच्या नळाखाली खरोखरच होता. जाड पान, जांभळा देठ. बाईंनी मुळासकट उपटून दिला. माझ्याशी तेलुगूत बरंच बोलल्या. मी सगळ्याला हाव म्हणालो.

ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आलो. उदगीरच्या पुढे एका बाईनं मला खिडकीपासची जागा सोडायला लावली. “लेकराला वारं लागतंय, आजोबा, इकडं सरका.” मी सरकलो. उगीच कोण खुलासा करत बसतो.

घरी आलो तेव्हा शिवकांता दिवा लावत होती. मी काही न बोलता पंचा तिच्या ओंजळीत दिला. तिनं उघडला. देठ बघितला, पान बघितलं, मग माझे मातीचे हात आणि मळलेलं धोतर बघितलं. “तुम्ही देगलूरला गेला होता?” मी मान हलवली. तिनं तोंड त्या पुदिन्यात घातलं आणि कितीतरी वेळ वर काढलंच नाही. वर पाहिलं तेव्हा डोळे भरून वाहत होते.

“येतो?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “न्हाई.”

मी उंबऱ्यावर बसलो. तिलाच दिलासा द्यायला हवा होता, तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “लगीच कसा येईल? शिकवणी हाय ना. सकाळी लवकर उठा.”

धीराची बाई आहे. मी तिच्या जागी असतो तर कुंडी फेकून दिली असती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आता शिस्त लागली आहे. सकाळी पूजा झाली की मागच्या पायरीवर दोघं बसतो, चहा मध्ये. मी पान खुडतो, तळहातावर चोळतो, तिच्या नाकाशी धरतो. ती डोळे मिटते. मग काय आठवतं ते सांगते. मी ऐकतो. माझं काम एवढंच, पण ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही असं मला वाटायला लागलं आहे. आधी या वेळेला मी पेपर घेऊन बसायचो आणि तिथून थेट मार्केट यार्डात. दुकान पुतण्याला देऊनही मी रोज तिथं जाऊन काय करत होतो, ते आज आठवेना.

आज तिनं सांगितलं की लग्न होऊन आली तेव्हा या घराला बारदानाचा वास यायचा. “भिंतीला, गादीला, तुमच्या अंगाला बी. मला वाटायचं, पोत्याशीच लगीन लावलं का काय माझ्या अप्पांनी.”

“मग?”

“मग काय. पुढं तुम्ही वसुलीला जायचाव आन् घराला तो वास नसला की झोप लागायची न्हाई.”

मी चहा संपवला आणि उगीचच कुंडीतली माती उकरत बसलो. इतक्या वर्षांनी बायकोसमोर लाजायचं म्हणजे काय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कुंडी भरून पुदिना झाला. कडेनं बाहेर लोंबायला लागला आहे. शिकवणीत प्रगती शून्य. शिवकांता म्हणते, “अजून जवळ धरा,” आणि मी धरतो.

एक घडलं ते लिहून ठेवतो. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलं आहे. आज यार्डाच्या कोपऱ्यावर गरम भजी निघत होती. खाल्ली. नीट हात धुतले, तोंड धुतलं, वर पान खाल्लं. घरात पाऊल टाकतो तर ही आतून म्हणते, “कांद्याची खाल्लाव का मिरचीची?” शर्टावर डाग शोधला, नाही. चेहरा आरशात बघितला, काही नाही. कोणीतरी चुगली केली आहे. पुतण्याशी उद्या बोलतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी पच्चडी केली. स्वतः. शिवकांता मागच्या दारी कपडे वाळत घालत होती आणि तिथून एकेक सांगत होती. शेंगदाणे भाजायचे, मिरच्या तेलात परतायच्या, पुदिना शेवटी नुसता दाखवल्यासारखा कढईत टाकायचा, मग चिंच आणि मीठ. मी शेंगदाणे कढईत टाकून मीठ कुठं आहे ते शोधत होतो, तेवढ्यात ती दोरीजवळून ओरडली, “उतरवा, जळायलेत.” बघतो तर खरंच डाग पडायला लागले होते. नाक नसताना, पाठमोरी, अंगणातून. याला म्हणतात अनुभव. वेळेचा अंदाजच इतका पक्का.

भाकरीबरोबर पच्चडी वाढली. तिनं घास घेतला आणि थांबली.

“कशी लागते?” मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली. तिला कशी लागणार?

“तुम्हीच सांगा कशी झाली,” ती म्हणाली. मी सांगायला लागलो. आधी चिंच पुढं येते, मग तिखट, आणि सगळं गिळून झाल्यावर पुदिना घशात गार उभा राहतो. ती माझ्या तोंडाकडे बघत जेवत होती. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. ताप आल्यापासून अर्ध्यावर उठत होती.

६ डिसेंबर, शनिवार

मंजूचा फोन. खोली तयार केली आहे, अव्वासाठी पूर्वेची. येळवशीला ती शेतावर येणार, रात्री आपल्याकडे मुक्काम आणि सकाळी अव्वाला घेऊन जाणार. “अप्पा, तुम्ही पण चला ना.” मी म्हणालो, माझी पूजा, माझं घर, माझा पुदिना. ती म्हणाली, “पुदिना?” मी फोन शिवकांताला दिला.

शिवकांता नुसतं “बघू” म्हणाली. पण दुपारी तिनं माळ्यावरची बॅग काढून पुसली. मला म्हणाली, “धूळ लई बसली होती.” धूळ पुसायला वर्षभरात दुसरा दिवस नव्हता का?

मी इथं सरळ लिहितो. मला ती जायला नको आहे. डब्यासाठी नाही. सकाळी त्या पायरीवर मी एकटा बसून काय करू? देगलूरच्या मोरीचं मला अजून निम्मंही कळलेलं नाही. पण हे तिला सांगितलं तर ती माझ्यासाठी मन मारून राहील, आणि चव नसलेल्या घरात तिला कशाला डांबून ठेवायचं? मंजूकडे तिचा वेळ तरी जाईल. म्हणून गप्प आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

आंबील घातली. मी घातली, तिच्या सांगण्यावरून. येळवस शुक्रवारी.

मडक्याचं झाकण काढून रोज मी हुंगायचं आणि तिला सांगायचं. आज सांगितलं, “कच्च्या पिठाचा वास येतो.” ती म्हणाली, “हाव, अजून लई वेळ हाय.” माझं नाक तिच्या उपयोगी पडतंय याचा मला काय आनंद झाला.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी झाकण काढून मी म्हणालो, “झाली. आंबट वास येतोय.” ती चुलीपाशी होती. तिथूनच मान न वळवता म्हणाली, “न्हाई अजून. सांजच्याला होईल.” आणि संध्याकाळी वास खरोखरच बदलला, गोडसर आंबट झाला. पुन्हा तो अंदाज.

बॅग भरून दारापाशी ठेवली आहे. मी त्या बॅगेला तीनदा अडखळलो.

माझ्या डोक्यात एक आहे. आंबिलीत उद्या सकाळी लसूण, जिरं, मिरची आणि कोथिंबीर वाटून घालायची असते. मी त्या वाटणात मूठभर देगलूरचा पुदिना घालणार आहे. हिरव्यात हिरवं, कोणाला दिसणार नाही. आंबिलीत पुदिना हे आमच्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल, आणि ती शेतातल्या लक्ष्मीपुढे ठेवायची असते, तेव्हा पाप लागलं तर मला लागो. पण ती आंबील पिताना तिच्या नाकात शेवटचा एकदा पुदिना जावा. नाकाजवळून नाही येत तर घशातून येईल. करून बघतो.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

किल्लारीच्या पुढे आमचं शेत. ज्ञानोबा ते बटईनं, निम्म्या वाट्यानं करतो. त्यानं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं उभारलं होतं, आत लक्ष्मी म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले, वर ज्वारीची कणसं. मंजू नांदेडहून आली. शेजारच्या शेतातली माणसं जमली होती. ज्ञानोबाच्या सुनेनं, रूपालीनं, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी रटरटत ठेवलेली, बाजूला बाजरीचे वाफवलेले उंडे. मी आंबिलीचं मडकं डोक्यावरून आणून कोपीत ठेवलं. शिवकांता बांधावर बायकांशी बोलत होती, मडक्यापासून चांगली लांब.

पूजा झाली. रूपालीनं मडक्याच्या तोंडाचं फडकं सोडलं आणि पळी बुडवली.

बांधावरून शिवकांताचा आवाज आला. “आंबिलीत पुदिना कुणी घातला?”

रूपालीची पळी हवेत. शिवकांता तरातरा कोपीत आली, मडक्यावर वाकली आणि माझ्याकडे वळली. “लक्ष्मीच्या आंबिलीत पुदिना? काही लाज हाय का न्हाई तुम्हाला? मी रातभर देवाचं नाव घेऊन ठेवलेली आंबील, आन् तुम्ही त्यात,” आणि तिथं ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

मला आधी काही कळलंच नाही. मी माफी मागायला लागलो होतो. मग कळलं.

“शिवकांता,” मी म्हणालो, “तुला वास आला.”

ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मंजू एकदा माझ्याकडे बघते, एकदा तिच्याकडे. शेवटी शिवकांता खाली बघून म्हणाली, “हाव. आला.”

चारचौघांत मी रडलो. लपवत नाही. ज्ञानोबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, “आप्पा, येळवस पावली तुम्हाला.” मी म्हणालो, येळवस पावली आणि पुदिनाही पावला. आंबील शिंपडत शेताला फेरा घालताना मी पोरासारखा सगळ्यांच्या पुढे होतो. आणि आंबील तर कोणी टाकली नाही. लोक दुसरा पेला मागून घेत होते. शिवकांता तेवढी रागातच होती, पण तिनंही दोन प्यायले.

बांधावर बसून इतक्या लांबून वास यावा, म्हणजे नाक पहिल्यापेक्षाही तीक्ष्ण होऊन आलं म्हणायचं. नांदेड रद्द. बॅग मी स्वतः माळ्यावर टाकली.

२० डिसेंबर, शनिवार

मंजू एकटी परत गेली. निघताना आईच्या गळ्यात पडून दोघी हसत होत्या. मी विचारलं काय झालं. मंजू म्हणाली, “काही नाही अप्पा. तुम्ही फार चांगले आहात.” हे आजच का सुचलं तिला?

आज शिकवणी नाही. गरजच काय? मी सकाळी पेपर घेऊन बसलो, पुष्कळ दिवसांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मग यार्डात गेलो. सगळ्यांना सांगितलं. पुतण्याची भज्यांबद्दल क्षमाही मागितली, त्याला विषय आठवेना.

२३ डिसेंबर, मंगळवार

घर पूर्ववत. शिवकांता स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत. मधल्या दारातून चहा येतो, रिकामा कप जातो. जेवण उत्तम. लसूण जळत नाही. शेजारणीचं तूप काल ओट्यावरून उतरवून झालं.

सगळं मिळालं, तरी सकाळी करमत नाही. मागच्या दारी गेलो, पायरीवर बसलो. पुदिना तरारला आहे. एक पान चोळलं आणि कोणाच्या नाकाशी धरावं ते कळेना, आपलंच हुंगलं. शिवकांतानं आतून डोकावून बघितलं आणि परत गेली. तिला विचारणार होतो की शिकवणीत अर्धी राहिलेल्या त्या मोरीच्या गोष्टीतल्या तिच्या धाकट्या बहिणीचं पुढं काय झालं. पण ज्याचा आजार बरा झाला त्याला रोज औषधाच्या वेळेला बसवायचं, हे बरं दिसतं का?

२६ डिसेंबर, शुक्रवार

वास परत गेला.

मी चपला घालून यार्डात निघालो होतो. शिवकांता मधल्या दारात उभी राहिली, पदराला हात पुसत. “ऐका ना. येईना झालाय.”

“काय?”

“वास. कालपासून.”

मी चपला काढल्या. घाईघाईनं मंजूला फोन लावला. तिच्या आवाजात काळजी अजिबात नव्हती. म्हणाली, “होतं असं, अप्पा. येतो, जातो. तुम्ही शिकवणी एकदम बंद केलीत ना, म्हणून.” मी विचारलं, मग अव्वाला नांदेडला दाखवू का मोठ्या डॉक्टरांना? शिवकांतानं माझ्या हातातून फोन घेतला. “मी कुठं न्हाई येत, मंजू. इलाज इथं चालू हाय. असा मधीच सोडून कसं यायचं?”

तेव्हा लगेच पायरीवर बसलो. चहा मध्ये. पान चोळून तिच्या नाकाशी धरलं. तिनं डोळे मिटले. “जवळ धरा,” म्हणाली. मग धाकट्या बहिणीची गोष्ट सांगायला लागली, मी न विचारताच. ऊन जास्वंदीच्या वर येईपर्यंत आम्ही तिथंच होतो. एवढं संकट परत आलं, पण तिच्या चेहऱ्यावर दुःखाची रेष नाही. अशी बाई मी पाहिली नाही.

आता एक लिहितो आणि पान मिटतो. ती “येईना झालाय” म्हणाली तेव्हा माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मला आनंद झाला. चपला काढताना मी हसत होतो, पाठ तिच्याकडे होती म्हणून निभावलं. बायकोचं नाक गेलं आणि नवरा मनातल्या मनात पेढे वाटतो, इतका स्वार्थी मी कधी झालो? ती बिचारी डोळे मिटून मन लावून हुंगत होती, आणि मी देवाला म्हणत होतो, एवढ्यात बरं करू नकोस. हे तिला कधी कळता कामा नये. फार वाईट वाटेल तिला.